कारवीचा क्लोरोप्लास्ट जीनोम दर वेळी तुटका नाहीतर आखूड येतोय? परत रन लावायच्या आधी हे बघा

हा प्रश्न माझ्याकडे आता इतक्या वेळा आलाय की एकदा बसून सगळं लिहून काढते. कारवीवर, टोपली कारवीवर किंवा त्या कुळातल्या कुठल्याही झुडपावर काम करणारं कोणीतरी येतं आणि सांगतं, ताई, डेटा चांगला आहे, गेटऑर्गनेल (रीड्स, म्हणजे मशीनने वाचलेले छोटे तुकडे, जोडून जीनोम बनवणारं सॉफ्टवेअर) नीट चालतंय, पण शेवटी एकतर दोन फाइली येतात, नाहीतर एक येते पण लांबी दहा-बारा हजारांनी कमी, नाहीतर सर्क्युलर, म्हणजे गोल बंद, होतच नाही, तुकडेच तुकडे. मग केमर (जुळणीसाठी धरायच्या तुकड्याची लांबी) बदलून रन, मग राउंड (रीड्स गोळा करायच्या फेऱ्या) वाढवून रन, मग नोवोप्लास्टी हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर, मग परत गेटऑर्गनेल, आणि महिनाभराने सरांकडे जाऊन म्हणायचं की सॅम्पल परत सीक्वेन्सिंगला पाठवूया. मी स्वतः हे सगळं केलंय. परत पाठवलेल्या सॅम्पलमधून अगदी तीच लांबी परत आली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की चूक डेटात नव्हतीच, मी बघत होते ती जागाच चुकीची होती.

तर पहिली गोष्ट. रन संपला की फास्टा फाइल, म्हणजे तयार सीक्वेन्सची फाइल, उघडून लांबी मोजायची नाही, आधी ग्राफ उघडायचा. गेटऑर्गनेल आउटपुटच्या फोल्डरमधे असेंब्ली ग्राफची, म्हणजे कुठला तुकडा कुठल्याला जोडला जातो त्या नकाशाची, फाइल ठेवतं आणि सोबत एक सीएसव्ही पण, ज्यात कुठल्या तुकड्यावर कुठलं जीन सापडलं ते असतं. दोन्ही बँडेज या ग्राफ दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधे लोड करा. बँडेज फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. पाच मिनिटांचं काम, पण निम्म्या लोकांनी ते केलेलंच नसतं, कारण पाठवताना ते मला फक्त लॉग आणि फास्टा पाठवतात.

चांगला ग्राफ कसा दिसतो? चष्म्यासारखा. एक भिंग मोठं, एक छोटं, आणि मधे त्यांना जोडणारी दांडी. मोठं भिंग म्हणजे एलएससी (एकाच प्रतीतला मोठा भाग), छोटं म्हणजे एसएससी (एकाच प्रतीतला छोटा भाग) आणि दांडी म्हणजे आयआर, उलटी पुनरावृत्ती. जीनोममधे आयआरच्या दोन प्रती असतात पण दोन्ही अक्षरशः सारख्या असल्यामुळे दीडशे बेसच्या रीड्सना त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत, म्हणून ग्राफमधे त्या एकावर एक बसून एकच दांडी दिसते. आता या दांडीची डेप्थ, म्हणजे एकेका जागेवर किती रीड्स बसलेत, ते बघा, भिंगांच्या साधारण दुप्पट असायला हवी, कारण दोन प्रतींचे रीड्स तिथं जमा झालेत. भिंगं ४०० पट आणि दांडी ८०० पट असं काही दिसलं की समजायचं असेंब्ली पूर्ण झाली, संपलं. तुकडे तीनच आहेत आणि तिन्ही जागेवर आहेत. ही तुटकी असेंब्ली नाही.

मग दोन फाइली का? कारण या तीन तुकड्यांतून गोल फिरायचे दोन रस्ते आहेत, एकात एसएससी सुलट, दुसऱ्यात उलट. हा सॉफ्टवेअरचा गोंधळ नाही, पेशीत खरंच दोन्ही रूपं असतात आणि साधारण निम्मी निम्मी असतात. १९८३ मधे पामर यांनी घेवड्याच्या क्लोरोप्लास्ट डीएनएवर हे दाखवलं होतं, तेव्हा एनजीएस म्हणजे हल्लीचं सीक्वेन्सिंग वगैरे काही नव्हतं, एन्झाइमने कापून जेलवर पट्ट्या बघून दाखवलं. त्यामुळे "यातली बरोबर कुठली" या प्रश्नाला उत्तर नाही, दोन्ही बरोबर. फक्त तुलनेसाठी ज्या जाती घेतल्यात त्यांच्याशी दिशा जुळणारी फाइल निवडा आणि सगळ्या नमुन्यांना तीच दिशा ठेवा. हे नाही केलं तर पुढे अलाइनमेंटमधे आख्ख्या एसएससीचं इन्व्हर्जन दिसतं आणि कोणीतरी ते उत्क्रांतीतला मोठा बदल म्हणून लिहून टाकतं. असे पेपर छापून आलेत, आणि ते इन्व्हर्जन खरं नाही हे सांगणारं टिपणही २०१५ मधे आलंय, म्हणजे या चुकीला आता बरीच वर्षं झाली तरी ती होतेच आहे.

आता लांबी. इथं जरा थांबते कारण कारवीवाल्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

आपण सगळे तंबाखूवर शिकतो. १९८६ मधे लिव्हरवर्ट आणि तंबाखू या दोघांचे क्लोरोप्लास्ट जीनोम पहिल्यांदा पूर्ण झाले, तंबाखूचा सुधारलेला आकडा १,५५,९४३, त्यात एलएससी ८६,६८६, एसएससी १८,५७१ आणि आयआर प्रत्येकी २५,३४३. अराबिडॉप्सिस १,५४,४७८. म्हणून डोक्यात बसतं की सपुष्प वनस्पती म्हणजे दीड लाखाच्या वर आणि आयआर पंचवीस-सव्वीस हजार. मग कारवीचा रन येतो, दांडी सतरा हजारांच्या आसपास, एकूण लांबी कमी, आणि वाटतं की आठ हजार कुठेतरी गळाले.

गळाले नाहीत. स्ट्रोबिलँथिस कुशिया म्हणून याच प्रजातीतलं एक झुडूप आहे, आसाम इंडिगो म्हणतात ते, ज्याच्या पानांपासून नीळ काढतात. त्याचा प्रसिद्ध झालेला जीनोम बघा, एकूण १,४४,१३३, एलएससी ९१,६६६, एसएससी १७,८११, आयआर फक्त १७,३२८. तंबाखूपेक्षा जवळपास बारा हजारांनी छोटा. पण आकडे शेजारी शेजारी ठेवून नीट बघा: आयआरची प्रत्येक प्रत आठ हजारांनी कमी झाली आणि त्याच वेळी एलएससी मात्र पाच हजारांनी वाढली. म्हणजे आयआरची सीमा एलएससीच्या बाजूने मागे सरकलीय, आणि जो भाग आधी दोन प्रतींत होता तो आता एकाच प्रतीत, एलएससीत जाऊन बसलाय. जीन्स हरवली नाहीत, त्यांची दुसरी प्रत गेली. आपली कारवी याच प्रजातीतली, त्यामुळे तिची तुलना तंबाखूशी करायचीच नाही, कुशियाशी करायची. मी पहिले दोन महिने तंबाखूशी करत होते, सगळा घोळ तिथून सुरू झाला.

पण नुसतं "जवळच्या जातीत पण असंच आहे" एवढ्यावर समाधान मानू नका, स्वतःच्या डेटातून सिद्ध करा, आणि ते सोपं आहे. तंबाखूत आयआरमधे बसणाऱ्या जीन्सची यादी काढा, आरपीएल२ पासून सुरू करा, आणि तुमच्या ग्राफमधे त्या प्रत्येक जीनच्या जागी डेप्थ किती आहे ते बघा. दुप्पट असेल तर ते जीन अजून आयआरमधे आहे. एकपट असेल तर खरंच एकच प्रत आहे. जर असेंब्लरने चुकून दुसरी प्रत खाल्ली असती तर त्या तुकड्याची डेप्थ दुप्पट दिसली असती आणि तरी तो एलएससीत एकदाच आला असता, ही विसंगती लपत नाही. डेप्थ खोटं बोलत नाही म्हणून मी दर वेळी आधी तिथे बोट ठेवते. हे एकदा तपासलं की आखूड लांबीची भीती जाते, उलट तीच तुमच्या पेपरमधली सांगण्यासारखी गोष्ट ठरते.

दुसरं, सीमा. चारही सांधे, म्हणजे एलएससी-आयआर दोन आणि आयआर-एसएससी दोन, स्वतः डोळ्यांनी बघा. जीनोमचं स्वतःशीच ब्लास्ट (सीक्वेन्स जुळवून बघणारं टूल) लावलं की उलटी जुळणी कुठून कुठपर्यंत आहे ते लगेच कळतं, तेच तुमचे आयआर. मग कच्चे रीड्स बोटाय२ या टूलने परत जीनोमवर मॅप करून, म्हणजे आपापल्या जागी बसवून, आयजीव्ही या व्ह्यूअरमधे प्रत्येक सांध्यावर थांबा. रीड्स सांध्यावरून सलग गेले पाहिजेत, जोडीतला एक इकडे एक तिकडे आणि मधलं अंतर लायब्ररीच्या इन्सर्टएवढं, म्हणजे सीक्वेन्सिंगला दिलेल्या डीएनए तुकड्याच्या लांबीएवढं. सगळे रीड्स एकाच अक्षरावर येऊन कापल्यासारखे दिसत असतील तर तो सांधा खोटा आहे. जमलं तर चारही ठिकाणी प्रायमर टाकून पीसीआर आणि सँगर करून घ्या, खर्च फार नाही आणि रिव्ह्यूअर तेच विचारतात. आणि जीनोमची सुरुवात एलएससीच्या पहिल्या अक्षरापासून धरायची असते ती सांधा शोधून ठरवा, अमुक जीनपासून सुरू करणारी तयार स्क्रिप्ट वापरू नका, कारण सीमा सरकली की जीनचे शेजारी बदलतात आणि स्क्रिप्ट ज्या शेजाऱ्यावर भरवसा ठेवून लिहिलीय तो तिथं नसतो.

हे झालं जिथं काही बिघडलेलंच नसतं त्याबद्दल. आता खरंच बिघडलेलं असतं तेव्हा काय.

ग्राफमधे चष्मा नाही, गुंता दिसतोय, चष्म्याला इकडून तिकडून शेपट्या फुटल्यात, लूपवर लूप. इथं पण पहिलं काम डेप्थ बघणं. झाडाच्या पानातून काढलेल्या एकूण डीएनएमधे तीन जीनोम असतात आणि तिघांच्या प्रती फार वेगवेगळ्या, क्लोरोप्लास्ट शेकडो पट, मायटोकाँड्रिया त्याच्या मानाने बराच कमी, न्यूक्लियस तर एक-दोन पट. आणि क्लोरोप्लास्टचे तुकडे उत्क्रांतीत मायटोकाँड्रियामधे आणि न्यूक्लियसमधे जाऊन बसलेले असतात, ते इतके सारखे असतात की असेंब्लर त्या पुलावरून चालत मायटोकाँड्रियात शिरतो. बँडेजमधे तुकड्यांना डेप्थप्रमाणे रंग द्या. मुख्य चष्मा एका रंगात, शेपट्या दुसऱ्या रंगात दिसल्या आणि सीएसव्हीनुसार त्या शेपट्यांवर मायटोकाँड्रियाची जीन्स असली तर त्या हाताने काढून टाका आणि उरलेला ग्राफ मर्ज करा, बहुतेक वेळा तिथंच चष्मा तयार होतो.

फक्त एक जपून. मायटोकाँड्रियासारखं दिसणारं सगळं काढायचं नाही, उलटी वाहतूकही क्वचित होते. रुईच्या कुळातल्या अस्क्लेपियास या झाडांमधे मायटोकाँड्रियाचा तुकडा क्लोरोप्लास्ट जीनोममधे शिरलेला सापडलाय, २०१३ मधे ते छापून आलं. त्यामुळे एखादा तुकडा मायटोकाँड्रियासारखा आहे पण त्याची डेप्थ क्लोरोप्लास्टएवढी आहे आणि रीड्स दोन्ही बाजूंनी सलग जातायत, तर तो ठेवायचा. निकाल जीनच्या नावावर नाही, डेप्थवर द्यायचा.

आता गुंता कमी करायला लोक हमखास एक उलटी गोष्ट करतात, जास्त डेटा टाकतात. हिशोब करून बघा. १५० बेसच्या एक कोटी जोड्या म्हणजे ३ अब्ज बेस, त्यातले समजा ५ टक्के क्लोरोप्लास्टचे, म्हणजे १५ कोटी, भागिले दीड लाख, हजार पट कव्हरेज, म्हणजे डेप्थच. पानात क्लोरोप्लास्टचा वाटा १ टक्का निघाला तरी २०० पट होतं, आणि तेवढ्यात काम आरामात होतं. जितका डेटा जास्त तितके मायटोकाँड्रिया आणि न्यूक्लियसमधले ते नक्कल तुकडे पण असेंब्लरला दिसण्याएवढे वर येतात. गेटऑर्गनेल स्वतःच म्हणून रीड्स कमी करून घेतं, क्लोरोप्लास्टसाठी कव्हरेज ५०० पटीवर आणायचा त्याचा डिफॉल्ट आहे. तो डिफॉल्ट बंद करून सगळा डेटा आत टाकू नका. मी एकदा एका नमुन्याच्या निम्म्याहून कमी रीड्स दिले आणि जो ग्राफ आठ दिवस सुटत नव्हता तो पहिल्याच रनमधे सुटला.

ग्राफ गुंतलेला नाही, सरळ आहे, पण खरंच तुटलाय, दोन-तीन जागी टोकं मोकळी आहेत आणि दर वेळी त्याच जागी. या प्रकारात मी तीन गोष्टी क्रमाने बघते.

ट्रिमिंग, म्हणजे रीड्सची टोकं कापणं. क्लोरोप्लास्ट जीनोममधे जीसीचं, म्हणजे जी आणि सी या अक्षरांचं, प्रमाण ३७-३८ टक्क्यांच्या आसपास असतं, जीन्सच्या मधल्या जागांत तर त्याहून कमी, ए आणि टी च्या लांबच लांब रांगा. तिथं आधीच रीड्स कमी पडतात कारण लायब्ररी बनवताना पीसीआरमधे असे तुकडे मागे राहतात, आणि त्यावर तुम्ही क्वालिटी ३० लावून कडक ट्रिमिंग केलं की उरलेसुरले पण जातात. अडॅप्टर काढा, बास. नोवोप्लास्टी तर स्पष्टच सांगतं की क्वालिटी ट्रिमिंग करू नका. पण पॉली-जी ची शेपटी मात्र काढाच, हे विसरतात. नोवासेक आणि नेक्स्टसेक या मशीनमधे सिग्नल नाही म्हणजे जी असं वाचलं जातं, त्यामुळे तुकडा संपला की पुढे जी जी जी जी येत राहतं. फास्टपी हे ट्रिमिंगचं टूल अशा मशीनचा डेटा ओळखून ती शेपटी आपोआप काढतं, पण सीक्वेन्सिंग कंपनीने आधीच क्लीन करून दिलेल्या फाइलमधे रीडचं हेडर बदललेलं असेल तर ओळखत नाही, तेव्हा तो पर्याय हाताने चालू करा. शक्यतो कंपनीकडून कच्चा डेटाच मागून घ्या, क्लीन म्हणून जो देतात त्यात काय काय काढलंय ते तुम्हाला माहीत नसतं.

केमर. कव्हरेज कमी असेल तर मोठा के वापरून उपयोग नाही, सलग तेवढी जुळणी मिळतच नाही, मग तुटतं. कव्हरेज भरपूर असेल आणि छोट्या रिपीटमुळे गोंधळ होत असेल तर मोठा के मदत करतो. म्हणून एकच के न देता २१, ४५, ६५, ८५, १०५ अशी माळ द्या, आणि २०० पटीच्या वर कव्हरेज असेल तर वर १२७ पण जोडा. राउंड १५ पुरतात, कमी डेटा असेल तर वाढवा. वर्ड साइज (रीड्स गोळा करताना जुळणीला धरायची लांबी) स्वतः ठरवायला जाऊ नका, पहिल्या रनमधे सॉफ्टवेअरने किती धरली ते लॉगमधे असतं, तुटत असेल तर त्यापेक्षा थोडी कमी देऊन बघा. आणि सीड, म्हणजे शोध सुरू करायचा सीक्वेन्स, म्हणून तंबाखू नको, जवळच्या जातीचा आख्खा जीनोम द्या.

तिसरी गोष्ट, डीएनए. हिच्याबद्दल बोलायला कॉम्प्युटरवाले तयार नसतात पण कारवीच्या बाबतीत मूळ दुखणं पुष्कळदा हेच असतं.

कारवीचं जून पान घेतलं तर सीटीएबी या डीएनए काढायच्या नेहमीच्या पद्धतीनंतर ट्यूबमधे तपकिरी जेली येते. पॉलिसॅकराइड आणि फिनॉल. नॅनोड्रॉप या मोजणीच्या यंत्रावर आकडा मस्त दिसतो, ५०० नॅनोग्राम वगैरे, आणि क्विबिट या दुसऱ्या यंत्रावर तेच ४० निघतं, कारण नॅनोड्रॉप आरएनए आणि इतर कचराही मोजतो. २६०/२८० हे शुद्धतेचं गुणोत्तर बघून खूश होऊ नका, २६०/२३० बघा, ते दोनच्या जवळ हवं, एकच्या खाली असेल तर लायब्ररीचे एन्झाइम नीट चालत नाहीत आणि कव्हरेज खड्ड्याखड्ड्यांचं येतं. ते खड्डे मग तुम्ही असेंब्लीत शोधत बसता.

मी आता असं करते. पान कोवळं, टोकाची दुसरी-तिसरी जोडी. पावसाळ्यात घाटावर पान कोरडं मिळतच नाही, तर टिश्यूने दोन्ही बाजूंनी नीट पुसून, तुकडे करून, पानाच्या वजनाच्या किमान दहापट सिलिका जेलमधे. निळी सिलिका गुलाबी झाली की त्याच संध्याकाळी बदला, उद्यावर ढकलू नका, पान एका दिवसात कडक वाळलं पाहिजे, हळूहळू वाळलं तर आतला डीएनए तुटतो. लॅबमधे आल्यावर पावडर करून थेट सीटीएबीत न टाकता आधी सॉर्बिटॉल बफरने धुवायची, ०.३५ मोलर सॉर्बिटॉल, ट्रिस, ईडीटीए, त्यात १ टक्का पीव्हीपी आणि ऐनवेळी घातलेलं मर्कॅप्टोइथॅनॉल. ढवळा, सेंट्रिफ्यूज करा, वरचं ओतून द्या. वरचं पाणी चिकट लागायचं थांबेपर्यंत, कारवीला दोन-तीन वेळा लागतंच. मग नेहमीचं २ टक्के सीटीएबी, डॉइल आणि डॉइलचं १९८७ चं, फक्त मीठ थोडं वाढवून, म्हणजे पॉलिसॅकराइड अल्कोहोलमधे डीएनएसोबत खाली बसत नाही. ताजं झुडूप लॅबजवळ असेल तर तोडण्याआधी दिवस-दोन दिवस अंधारात ठेवलं तरी स्टार्च कमी होतो. एवढं केल्यावर पेलेट पांढरी येते, आणि पेलेट पांढरी आली की पुढच्या निम्म्या तक्रारी येतच नाहीत.

अजून एक कारण राहिलं, ते कमी वेळा दिसतं पण दिसलं की फार त्रास देतं. ग्राफमधे सगळीकडे छोटे छोटे बुडबुडे, जवळजवळ आख्ख्या जीनोमभर, एक फांदी ९५ टक्के डेप्थची आणि एक ५ टक्क्यांची. हे एकाच झाडात सहसा होत नाही. त्याच लेनमधे दुसऱ्या कोणाचा तरी, जवळच्याच जातीचा नमुना होता आणि त्याचे थोडे रीड्स तुमच्यात आलेत, नाहीतर पावडर करताना खलबत्ता नीट धुतला नव्हता. कमी डेप्थची फांदी काढून असेंब्ली होते, पण आधी मॅटके आणि आरबीसीएल ही झाड ओळखायला वापरतात ती जीन्स काढून ब्लास्ट करा आणि मोठी फांदी तरी नक्की तुमच्याच झाडाची आहे ना ते बघा. फुलं नसताना कारवी आणि वायटी हे तिच्यासारखंच झुडूप पानांवरून ओळखण्यात चांगल्या चांगल्यांची चूक होते, आणि फुलं यायची म्हणजे सात-आठ वर्षं थांबायचं.

नॅनोपोरने सगळं सुटतं का असंही विचारतात. सतरा हजारांची दांडी एकाच रीडमधे पार करायला वीस हजारांच्या वरचे रीड्स लागतात आणि तेवढा लांब डीएनए सिलिकात वाळवलेल्या पानातून क्वचितच मिळतो. ताजं पान आणि स्वच्छ डीएनए असेल तर जरूर करा, दोन्ही रूपं प्रत्यक्ष दिसतात, बघायला फार छान वाटतं. पण वर लिहिलेल्या अडचणींसाठी ते गरजेचं नाही.

अॅनोटेशनचं, म्हणजे जीनोमवर जीन्सच्या जागा नोंदवण्याचं, थोडक्यात, कारण तिथेही तेच तेच प्रश्न येतात. जीसेक या टूलने काढलेलं अॅनोटेशन जसंच्या तसं जेनबँकला पाठवलं की व्हॅलिडेटर लाल एरर देतो. आरपीएस१२ चा पहिला एक्झॉन एलएससीत आणि बाकीचे आयआरमधे असतात, ते तुटलेलं जीन नाही, ट्रान्स-स्प्लायसिंग आहे (वेगवेगळ्या जागचे तुकडे आरएनएत जोडले जातात), तशी खूण करावी लागते. एनडीएचडी ची सुरुवात एटीजी ऐवजी एसीजी दिसली तर ती सीक्वेन्सिंगची चूक समजून बदलू नका, आरएनए एडिटिंगने तिथला सी चा यू होतो, तंबाखूतही तसंच आहे, फक्त आरएनए एडिटिंगचा शेरा टाका. आयआर-एसएससी सांध्यावर वायसीएफ१ ची अर्धवट प्रत असेल तर तिला पूर्ण जीन म्हणून देऊ नका. आणि सीमा सरकलेल्या असल्यामुळे तंबाखूत जे जीन दोनदा येतं ते तुमच्याकडे एकदाच आलं तर टूल कधीकधी त्याची दुसरी प्रत जबरदस्तीने कुठेतरी शोधून दाखवतं, ती हाताने तपासून काढा. पण मधेच स्टॉप कोडॉन आला, तोही ए-ए-ए-ए च्या लांब रांगेजवळ, तर मात्र आधी आयजीव्हीत जाऊन ती रांग आठची आहे का नऊची ते मोजा, तिथं खरंच चूक असू शकते.

आणि कृपा करून व्हाउचर, म्हणजे झाडाच्या ओळखीचा पुरावा असलेला नमुना, ठेवा. नॅशनल पार्क किंवा अभयारण्यातून पानं आणणार असाल तर वन खात्याची लेखी परवानगी घेऊनच जा, आणि ज्या झुडपाची पानं घेतली त्याचीच फांदी दाबून हर्बेरियम शीट करा, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं कार्यालय आहे, आघारकर संस्थेचं हर्बेरियम आहे, मुंबईत ब्लॅटर हर्बेरियम आहे. कारवी एकदा फुलली की मरते. मुंबईच्या नॅशनल पार्कात २०१६ ला फुललेली कारवी २०२४ ला परत फुलली, म्हणजे मधल्या काळात ज्यांनी तिथली पानं घेतली त्यांची ती झुडपं आता उभी नाहीत. माझ्या पहिल्या तीन नमुन्यांतल्या एकाची शीट करायची राहिली होती, तो जीनोम पूर्ण आहे, चष्मा सुंदर आहे, चारही सांधे सँगरने तपासलेत, आणि तरी मी तो सबमिट केलेला नाही, कारण ती कारवीच होती हे दाखवायला माझ्याकडे आता काही नाही. तेव्हा पिशवीत सिलिका भरताना जुने वर्तमानपत्राचे कागद पण भरा.